लेजच्या वरचा दीड मीटर

मुलुंडहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो:

"आम्ही चौघं मित्र दोन वर्षं इनडोअर वॉलवर क्लाइंबिंग करतोय. घरापासून जवळच, जंगलाला चिकटून, एक बंद पडलेली दगडखाण आहे. साधारण १२ मीटरचा उभा कडा, ५ मीटरवर दोघं आरामात बसतील एवढी लेज (कड्यातला आडवा कट्टा), वर झाडं. काठावर कुणीतरी पूर्वी ठोकलेला एक बोल्टही आहे. पाऊस थांबला की वरून रोप लावून टॉप-रोप (वरच्या आधारातून सोडलेल्या दोरीवर चढणं) करायचा विचार आहे. बोल्ट वापरावा का? रोप कोणता घ्यावा? आणि खाली दगडांचा ढीग असल्यामुळे नीट उभं राहता येत नाही, तर लेजवर बसून बिले केलं (चढणाऱ्याची दोरी सांभाळली) तर चालेल का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याचं उत्तर सरळ आहे: नाही चालणार. वरून सुटलेला प्रत्येक दगड आधी लेजवरच येतो. तिथं बसलेल्या माणसाला बाजूला व्हायला जागा नाही, स्वतःला बांधून घ्यायला वेगळा अँकर (दोरी बांधायचा पक्का आधार) हवा, आणि चढणारा खाली आला तर थेट त्याच्या अंगावर. लेजवर आत्ता काय पडलंय ते खालून दुर्बिणीने बघा. मुठीएवढे, टोकदार, ताज्या रंगाचे दगड दिसले तर ते गेल्या एक-दोन पावसाळ्यांत वरून आलेत असं समजा. जुने दगड काळपट होतात आणि त्यांच्यावर शेवाळ धरतं.

आता परवानगी. जागा नेमकी कुणाची हे आधी शोधा: वन विभागाची, महसूल खात्याची की खासगी. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावरून ते कळतं. खाण संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येत असेल तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय आत जाणं हाच गुन्हा आहे, चढणं तर दूरच. राखीव वन असेल तर १९२७चा भारतीय वन अधिनियम लागू होतो. खासगी असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या. "सगळेच जातात" हे उत्तर वनरक्षकापुढे टिकत नाही. परवानगी नाहीच मिळाली तर मुंब्रा आणि बेलापूरचे कातळ आहेत, मुंबईचे क्लाइंबर तिथं वर्षानुवर्षं जातात. पुढचं सगळं परवानगी हातात आहे असं धरून लिहितोय.

वॉलवरचा माणूस खाणीत गेला की पहिली चूक एकच करतो: समोरच्या कड्याला डोंगराचा कडा समजतो. डोंगराचा कडा हजारो पावसाळे झेलून उरलेला असतो, जे सुटायचं ते बहुतेक सुटून गेलेलं असतं. खाणीचा कडा सुरुंगाने फोडलेला असतो. कड्यावर उभ्या, अर्ध्या नळीसारख्या खोबणी दिसतात का बघा. ती सुरुंगाची भोकं. त्या प्रत्येक भोकापासून दगडात आत भेगा गेलेल्या असतात आणि त्यातल्या सगळ्या बाहेरून दिसत नाहीत. सर्वांत वाईट हाल वरच्या काठाचे होतात, कारण स्फोटाचा धक्का मागे जाऊन माथ्याचा पट्टा खिळखिळा करतो. त्यावर मुरूम, मुरमावर माती, मातीवर गवत. वरून बघितलं तर छान हिरवा काठ, आणि नेमक्या त्याच काठावर तुम्ही रोप लावायला वाकणार.

त्यात आपल्याकडचा दगड बेसाल्ट. लाव्हा थंड होताना आक्रसला आणि त्याला उभे सांधे पडले. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर ते खांबांसारखे स्पष्ट दिसतात. तिथंही आजूबाजूचा दगड खाणीत गेला आणि मधला सुळका उरला. सांधे उभे असले की दगड फळीसारखा सुटतो: खालून घट्ट, वरून मोकळा, आणि बाहेर ओढला की अख्खा पुढे येतो. म्हणून अशा कड्यावरची पकड खाली दाबून वापरायची, बाहेर खेचून नाही. लेजच्या पातळीला तांबड्या मातकट दगडाचा पट्टा दिसला तर तो दोन लाव्हाथरांमधला मऊ थर आहे. नखाने उकरला जातो. त्यावर पायही नको आणि त्याच्या लगेच वरच्या दगडावर भरवसाही नको, कारण त्याच्या खालचा आधार दर पावसात थोडा थोडा वाहून जातो.

तेव्हा पहिला रविवार चढायचा नाही, दगड वाजवायचा. पाथरवट करतात तेच: एक तळहात दगडावर सपाट ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने लहान हातोडीने ठोकायचं. खणखणीत आवाज आला आणि तळहाताला काही जाणवलं नाही, तर दगड मूळ कातळाचा भाग आहे. आवाज बद्द आला किंवा तळहाताखाली थरथर जाणवली, तर तो सुटलेला आहे, मग डोळ्याला कितीही भक्कम दिसो. हे काम वरून रॅपल करत (दोरीवरून उतरत), प्रूसिकचा (दोरीवर आवळून बसणाऱ्या गाठीचा) बॅकअप लावून, माथ्यापासून खाली येत करायचं. खालून वर चढत करू नका, नाहीतर न तपासलेला दगड कायम डोक्यावर राहतो. हाताने निघणारे दगड काढा. मोठा धोंडा पहारीने हलतोय पण पडत नाही, तर त्याच्याशी झटू नका. खडूने फुली मारा आणि चढाईची ओळ दोन-तीन मीटर बाजूला न्या. साफसफाई चालू असताना खाली कुणीही नको आणि चढाईचा रोप लटकत ठेवू नका. पायवाटेच्या तोंडाशी चौघांपैकी एकाला उभं करा. खाणीत गुरं घेऊन येणारे, सरपण गोळा करणारे लोक असतात, त्यांना तुमचा "दगड!" हा ओरडा काय कळणार?

बोल्ट. तो कुणी ठोकला, किती खोल, कोणत्या प्रतीच्या पोलादाचा, यातलं काहीच तुम्हाला माहीत नाही. बाहेर दिसणारा गंज फारसा महत्त्वाचा नसतो. भोकाच्या आतला गंज मारतो आणि तो दिसत नाही. मुंबईच्या हवेत मीठ आहे, खाडीवरचा वारा मुलुंडपर्यंत सहज येतो, साधं पोलाद इथं लवकर खातं. शिवाय बोल्ट माथ्याच्या काठावर आहे, म्हणजे सुरुंगाने खिळखिळ्या झालेल्या पट्ट्यातच. चांगला बोल्ट वाईट दगडात बसवला तर धोंड्यासकट बाहेर येतो. त्यामुळे अँकरमध्ये त्याला मोजू नका, "तिसरा बॅकअप म्हणून असू दे" असंही नको. एकदा क्लिप केला की माणूस मनातल्या मनात त्याच्यावर विसंबतो. नवीन बोल्ट स्वतः ठोकण्याचं तर नावच काढू नका.

मग उरली झाडं. खाणीच्या माथ्यावर माती जेमतेम फूटभर असते आणि मुळं कातळावर आडवी पसरतात, त्यामुळे झाड नीट निवडावं लागतं. जिवंत हवं, बुंधा किमान १५ सेंटिमीटर जाड, म्हणजे घेर साधारण दीड फूट, आणि काठापासून ३ मीटर तरी आत. ऐन, खैर, जुना साग असेल तर उत्तम. पांगारा आणि सावर मऊ लाकडाची. गिरिपुष्प आणि सुबाभूळ पटकन वाढतात आणि तशीच मोडतात. बंद खाणींच्या कडेला बहुतेक वेळा हीच लावलेली असतात, म्हणून आधी झाड ओळखा. काठाच्या भेगेतून बाहेर आलेला पिंपळ दिसायला दणकट, पण त्याचं मूळ पाचरीसारखं त्याच भेगेला रुंद करत असतं. त्याला हातही लावू नका. निवडलेलं झाड दोघांनी खांद्याच्या उंचीवर धरून जोरात हलवा आणि तिसऱ्याने बुंध्याशी बसून माती बघावी. माती उचलली जात असेल, तडा जात असेल, तर ते झाड रद्द.

दोन झाडं घ्या, जमलं तर वेगळ्या दोरीने तिसरंही. अँकरसाठी १०.५ किंवा ११ मिलिमीटरचा सेमी-स्टॅटिक (फारसा न ताणला जाणारा) रोप, २५ ते ३० मीटर. पहिल्या झाडाला बुंध्याशी, जमिनीलगत तीन-चार वेढे घालून टेन्शनलेस हिच बांधा. वेढ्यांनी ताण खोडावर पसरतो आणि गाठीवर जवळजवळ काही येत नाही. टोक मात्र फिगर ऑफ एट (इंग्रजी आठच्या आकाराची गाठ) आणि लॉकिंग कॅराबिनरने (बंद करता येणाऱ्या कडीने) मूळ दोरीला लावून ठेवा. तिथून रोप काठापर्यंत न्या, काठाच्या खाली अर्धा मीटर लटकेल अशा बेताने दुहेरी फंद्याची फिगर ऑफ एट बांधा आणि परत दुसऱ्या झाडाकडे न्या. अँकरच्या दोन्ही पायांमधला, म्हणजे झाडांकडे जाणाऱ्या दोरीच्या दोन भागांमधला, कोन ६० अंशांच्या आत ठेवा. ६० अंशांना प्रत्येक झाडावर एकूण भाराच्या ५८ टक्के येतात, ९० ला ७१ आणि १२० ला पूर्ण १०० टक्के, म्हणजे दोन झाडं वापरून फायदा शून्य. झाडं एकमेकांपासून फार लांब असली की हा कोन नकळत वाढतो. मग काठापासून आणखी मागची झाडं शोधायची.

भार किती, याचाही अंदाज असू द्या. ७० किलोचा माणूस नुसता लटकला तरी वरच्या अँकरवर सव्वाशे किलोच्या आसपास येतात, कारण बिलेअर दुसऱ्या बाजूने ओढत असतो. ढील असताना पडला तर त्याच्या दुप्पट-अडीचपट. चांगल्या सामानाला हे काहीच नाही, साधा कॅराबिनरही २० किलोन्यूटनच्या (साधारण दोन हजार किलोंच्या) वर झेलतो. खाणीत सामान क्वचित तुटतं. आधार उपटला जातो, किंवा दोरी धारेवर घासून कापली जाते.

म्हणून फंदा काठाच्या खाली हवा. चढाईचा रोप काठाला टेकताच कामा नये. अँकरचे दोन पाय जिथं काठावरून वळतात तिथं गोणपाटाच्या चार घड्या किंवा जुन्या कार्पेटचा तुकडा ठेवा, आणि तो तुकडाही बारीक दोरीने झाडाला बांधा, नाहीतर पहिल्याच हिसक्यात खाली जातो. फंद्यात दोन लॉकिंग कॅराबिनर, गेट विरुद्ध दिशांना. हे सगळं करणारा माणूस काठाच्या दोन मीटर आत येण्याआधी वेगळ्या दोरीने झाडाला बांधलेला असला पाहिजे. रोप लावणारा स्वतःच मोकळा असतो, ही वॉलची सवय; तिथं सगळं आयतं लावलेलं मिळतं. वॉलने तुम्हाला चढायला आणि बिले करायला शिकवलं, अँकर शिकवला नाही. मुंबईत १९५४पासून गिरिविहार आहे, नंतरच्याही कितीतरी संस्था आहेत. पहिल्या दोन-तीन वेळा त्यांच्यातल्या एखाद्या अनुभवी माणसाला सोबत घ्या आणि तुम्ही बांधलेला अँकर त्याला तपासू द्या.

आता शीर्षकातला दीड मीटर. टॉप-रोप म्हणजे पडणंच नाही, असं वॉलवर वाटतं. पण डायनॅमिक, म्हणजे धक्का पचवायला ताणला जाणारा, रोप नुसत्या ८० किलोच्या वजनाने ७ ते ९ टक्के ताणला जातो. तुमच्या कड्याचा हिशोब मांडू. अँकर १२ मीटरवर. चढणाऱ्याचे पाय लेजच्या जरासे वर, म्हणजे कमरेची गाठ ६ मीटरवर. गाठीपासून अँकरपर्यंत ६ मीटर, अँकरपासून खाली उभ्या बिलेअरच्या कमरेपर्यंत ११. एकूण १७ मीटर रोप. त्याचे ८ टक्के म्हणजे जवळजवळ १ मीटर ३५ सेंटिमीटर. जसजसा वर जाईल तसा हा आकडा थोडा कमी होतो, पण बिलेअरच्या हातात वीतभर ढील असतेच. तेव्हा पाय लेजच्या वर दीड मीटर जाईपर्यंत हात सुटला तर चढणारा रोपवर लटकत नाही, लेजवर आपटतो. घोटा मोडायला तेवढं पुरतं. जमिनीपासूनच्या पहिल्या दीड-पावणेदोन मीटरला हेच लागू, आणि तिथं तर खाली फोडलेल्या दगडांचा ढीग आहे.

उपाय दोन. पहिला, चढाईसाठीही सेमी-स्टॅटिक रोप वापरा, ४० मीटरचा. तोच १७ मीटर रोप मग अर्धा-पाऊण मीटरच ताणला जातो. मात्र तो धक्का पचवत नाही, म्हणून ढील अजिबात नको, आणि त्याच्यावर लीड (रोप खालून वर नेत चढणं) कधीही नाही. दुसरा, चढणारा लेजवर पोचला की थांबेल आणि "टेक" म्हणेल, बिलेअर शरीराचं वजन टाकून रोप ताणून घेईल, आणि मगच पुढची पहिली मूव्ह. हे थांबणं नियमच करून टाका. लेजवर उभा माणूस भिंतीकडे दोन पावलं आत सरकतो, खालून दिसेनासा होतो, आणि तेवढ्यात मीटरभर ढील साचते. बिलेअरला वाटतं तो विश्रांती घेतोय. तो तर चढायला लागलेला असतो.

बिलेअरची बाजूही लेजच्या ओठावरून घासत येणार नाही असं बघा. त्यासाठी अँकरचा फंदा लेजच्या टोकाकडे सरकवावा लागेल, नाहीतर त्या ओठावरही गोणपाट लागेल. बिलेअरने चढणाऱ्याच्या थेट खाली उभं राहू नये, दोन-तीन मीटर बाजूला उभं राहावं. तिथल्या ढिगातले हलणारे दगड काढून दोन पावलांची सपाट जागा करून घ्या. तुमची अडचण एवढ्याने सुटते, अर्ध्या तासाचं काम आहे. बिले डिव्हाइस ग्रिग्रीसारखं, स्वतः रोप धरणारं घ्या. साधं एटीसी (ज्यात रोप हातानेच धरून ठेवावा लागतो) वाईट नाही, पण बिलेअरच्या हेल्मेटवर दगड बसला तर हात सुटतो, आणि खाणीत ही शक्यता खरीखुरी आहे. हेल्मेट चौघांनाही हवं, जेवायला बसलेल्यालाही, आणि ते गिर्यारोहणाचं. त्यावर ईएन १२४९२ लिहिलेलं असतं. बिलेअरच्या टोकाला स्टॉपर गाठ, चढणाऱ्याला फिगर ऑफ एट फॉलो-थ्रू, आणि निघण्याआधी दोघांनी एकमेकांची गाठ हाताने चाचपून बघायची. लीड करायचं मनात असेल तर या कड्यावर ते काढून टाका. मधे लेज असलेल्या कड्यावर लीड करताना पडलेला माणूस बहुतेक वेळा लेजवरच आपटतो.

पाऊस थांबला की लगेच नको. पाऊस गेला तरी सांध्यांतून पाणी झिरपत राहतं आणि शेवाळ वाळायला वेळ लागतो. ऑक्टोबरचा शेवट येऊ द्या, कड्यावरचे ओले काळे पट्टे सलग दोन आठवडे गेलेले दिसले की मग. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मोसम. प्रत्येक पावसाळ्यानंतर दगड वाजवण्याचं काम पहिल्यापासून करायचं. गेल्या वर्षीची खडूची फुली आणि गेल्या वर्षीचा भरवसा, दोन्ही धुऊन गेलेले असतात.

ऑक्टोबरपासूनच आग्या मोहोळही येतं. कड्याच्या पुढे आलेल्या छताखाली दुर्बिणीने नीट शोधा. दिसलं तर त्या दिवशी, त्या मोसमात, तो कडा सोडून द्या. बाजूची ओळ चालेल का, असं विचारू नका. डिओ, अत्तर, धूर, मोठा आवाज यांनी माश्या उठतात. उठल्याच तर चढणाऱ्याला झटपट खाली घ्या, तोंड-मान कापडाने झाकून सामान तिथंच टाकून लांब पळा. हातवारे करू नका आणि खाणीतल्या पाण्यात उडी मारू नका. त्या पाण्याचा काठ चार पावलांत एकदम खोल जातो, पोहणारेही तिथं बुडतात.

न दिसणाऱ्या खोबणीत हात घालायचा नाही. उबदार दगड आणि उंदीर असतील तिथं घोणस आणि फुरसं असणारच, आणि लेजवरचा दगडांचा ढीग ही त्यांची आवडती जागा. साफ करताना हातमोजे आणि काठी वापरा. चावलंच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही नको. चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यायचं. १०८ ला फोन करायचा, पण खाणीच्या खड्ड्यात मोबाइलला रेंज असते का हे पहिल्याच रविवारी तपासा. नसेल तर रेंज कुठून सुरू होते ती जागा सगळ्यांना माहीत हवी. खाणीचा जुना ट्रकचा रस्ता झुडपांनी बंद झालाय का, चौघांपैकी एकाला तिघांनी उचलून डांबरी रस्त्यापर्यंत किती मिनिटांत नेता येतं, हेही त्याच दिवशी चालून बघा.

चार वाजता शेवटची चढाई. अँकर सोडायला, गोणपाट, दोऱ्या, खडूच्या पिशव्या गोळा करायला पाऊण तास जातोच. थंडीत सहाला अंधारून येतं, आणि त्या बाजूच्या जंगलात बिबट्या संध्याकाळी हिंडायला निघतो. अँकर सोडणाऱ्याने आपली स्वतःची दोरी सर्वांत शेवटी सोडायची, काठापासून आत आल्यावर.